मासा सरकला, वाटणी तिथेच राहिली: ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकेरलचे प्रकरण

ऑगस्ट २०१०मध्ये स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदरात स्कॉटलंड आणि आइसलँडच्या मधल्या फेरो बेटांची ‘जुपिटर’ ही बोट अकराशे टन मॅकेरल उतरवायला आली. धक्क्यावर स्थानिक मच्छीमार आडवे उभे राहिले. त्यांनी माल उतरू दिला नाही आणि बोट भरलेलीच परत गेली. फेरोवाल्यांनी चोरी केली नव्हती. मासा त्यांच्या स्वतःच्या सागरी हद्दीत, त्यांच्या सरकारने ठरवलेल्या कोट्यात पकडलेला होता. भांडण होते ते त्या कोट्याच्या आकड्यावर. पंधरा वर्षे उलटली, मधे करार झाले, मोडले, एक देश युरोपीय संघातून बाहेर पडला, तरी ते भांडण पुरते मिटलेले नाही. दरम्यान मासा मात्र कमी झाला.

हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते एका कारणासाठी. यात गरीब, अडाणी, कायदा न पाळणारे असे कोणीच नाही. नॉर्वे, आइसलँड, ब्रिटन, युरोपीय संघ या सगळ्यांकडे पैसा आहे, संशोधन जहाजे आहेत, उपग्रहावरून बोटींवर नजर आहे. किनारी मासेमारीच्या व्यवस्थापनात जगात ज्यांची उदाहरणे दिली जातात, तेच हे देश. मासेमारी बिघडते ती माहिती नसल्यामुळे, असे आपण सहज धरून चालतो. इथे माहिती भरपूर होती.

मासा कसा फिरतो

अटलांटिक मॅकेरल हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला. पाठीवर गडद वळणदार पट्टे, अंगात तेल, आणि सतत पळणारा. त्याला वाताशय नसतो, म्हणजे ज्या हवेच्या पिशवीमुळे बरेच मासे पाण्यात एका जागी तरंगत राहू शकतात, ती त्याच्याकडे नाही. पोहणे थांबवले की तो बुडू लागतो. कल्ल्यांतून पाणी खेळते राहण्यासाठीही त्याला पुढे जात राहावेच लागते.

वर्षाचा फेरा साधारण असा. हिवाळा सरताना थवे युरोपच्या पश्चिम कडेने दक्षिणेकडे उतरतात. पोर्तुगालपासून बिस्केच्या उपसागरातून आयर्लंड-स्कॉटलंडच्या पश्चिमेपर्यंत जानेवारी ते जुलै या काळात अंडी घातली जातात. त्यानंतर उपाशी, हडकलेला मासा उत्तरेला नॉर्वेजियन समुद्रात चरायला जातो. तिथे कॅलॅनस नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा कवचधारी प्लवक अफाट प्रमाणात असतो. उन्हाळाभर तो खाऊन मासा इतका माजतो, की शरद ऋतूत त्याच्या मांसात पाव हिश्शाच्या आसपास तेल भरते. जपानी ग्राहक ज्याला चढा भाव देतो तो हाच मासा. मग थवे उत्तर समुद्र आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलँड बेटांच्या बाजूला येतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

म्हणजे एकच मासा एका वर्षात आयर्लंडच्या, ब्रिटनच्या, नॉर्वेच्या, फेरोच्या हद्दीतून आणि मधल्या खुल्या समुद्रातूनही जातो. जन्म एकाकडे, चराई दुसऱ्याकडे, आणि भाव सर्वांत चांगला तिसऱ्याच्या पाण्यात. त्याच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

१९८२च्या सागरी कायद्याच्या करारात यावर एक वाक्य आहे. मासा एकाहून अधिक देशांच्या २०० सागरी मैलांच्या हद्दीत वावरत असेल, तर त्या देशांनी आपसात सहमतीचा प्रयत्न करावा. प्रयत्न करावा, एवढेच. सहमती झाली नाही तर काय, हे त्यात नाही.

आइसलँडच्या दारात

२००६पर्यंत आइसलँडला मॅकेरलचे फारसे कौतुक नव्हते. हेरिंगच्या जाळ्यात चार-दोन हजार टन येत. २००७मध्ये त्यांनी सुमारे ३६ हजार टन मारले. २००८मध्ये १ लाख १२ हजार टन. बोटींची संख्या एका वर्षात तिप्पट झालेली नव्हती. मासा आला होता. २०१०च्या उन्हाळी पाहणीत आइसलँडच्या हद्दीत सुमारे ११ लाख टन मॅकेरल असल्याचा अंदाज निघाला.

नॉर्वे, आइसलँड आणि फेरो यांच्या जहाजांनी मिळून केलेल्या उन्हाळी पाहण्यांतून पुढे जे चित्र तयार झाले, ते थक्क करणारे आहे. २००७मध्ये मॅकेरल साधारण १३ लाख चौरस किलोमीटर पाण्यात पसरलेला होता, २०१४मध्ये किमान २९ लाख. त्याच्या वावराचा मध्यबिंदू सात वर्षांत १,६५० किलोमीटर पश्चिमेला आणि ४०० किलोमीटर उत्तरेला सरकला. २०११मध्ये तो ग्रीनलंडच्या पाण्यात व्यापारी जाळ्यांत आला आणि २०१४पर्यंत तिथली पकड ७८ हजार टनांवर गेली. २०१३मध्ये तर स्वालबार्डला, उत्तर ध्रुववृत्ताच्याही कितीतरी वर, मॅकेरल सापडला.

पाणी तापले म्हणून हे झाले, असे एका वाक्यात सांगून मोकळे होता येते, आणि वर्तमानपत्रांनी तसे सांगितलेही. ते अर्धे खरे आहे. पाणी कोमट झाल्याने दार उघडले. पण त्याच सुमारास, विशेषतः २००२ आणि २००६ साली, भरघोस पिढ्या जन्मल्या होत्या. साठा वाढला, जुन्या कुरणात चारा पुरेना, म्हणून मासा नव्या पाण्यात गेला. त्या वर्षांत एकाच वयाच्या माशाचे सरासरी वजन घटत गेले, ही त्याची खूण. हा फरक नुसता शास्त्रज्ञांच्या वादाचा नाही. तापमानामुळे गेलेला मासा तिकडेच राहील असे धरता येते. गर्दीमुळे गेलेला मासा, गर्दी ओसरली की परत येतो.

आता आइसलँडची त्या वेळची अवस्था पाहा. ऑक्टोबर २००८मध्ये ग्लिटनिर, लँड्सबँकी आणि काउपथिंग या त्यांच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. देशाचे चलन गडगडले. बुडालेल्या ठेवींवरून ब्रिटनशी कडाक्याचे भांडण सुरू झाले. अशा वेळी दाराशी लाखो टन मासा, तोही त्यांच्याच समुद्रातला चारा खाऊन वजन वाढवणारा. त्यांनी तो पकडायचा नाही, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय याच आइसलँडने १९५८ ते १९७६ या काळात कॉड माशावरून ब्रिटिश आरमाराला तोंड देत आपली हद्द २०० मैलांपर्यंत वाढवली होती. माघार घ्यायची सवय त्यांना नव्हती.

त्यांच्या बाबतीत खटकणारी गोष्ट एकच होती. सुरुवातीला ते मॅकेरलचा बराचसा माल कुटी आणि तेलासाठी देत होते. इतका सुंदर खाण्याचा मासा भट्टीत घालणे हे स्कॉटिश मच्छीमारांना पाप वाटले, आणि मलाही त्यात चूक दिसत नाही. पण काही वर्षांतच आइसलँडने गोठवणीचे कारखाने उभे केले आणि बहुतेक माल माणसांच्या पानात जाऊ लागला.

वाटणीचा सातबारा

युरोपीय संघ, नॉर्वे आणि फेरो हे जुने भागीदार. त्यांची आपसातली टक्केवारी पूर्वीच्या पकडीवरून ठरलेली होती. कोणी किती वर्षे किती मारले, त्यावर पुढचा हक्क. या टक्केवारीला सातबाऱ्याचा मान होता: एकदा नाव चढले की पिढ्यान्‌पिढ्या. शेताच्या बाबतीत हे चालते, कारण शेत बांधावरून उठून शेजाऱ्याकडे जात नाही.

आइसलँडने दुसरा नियम पुढे केला. मासा ज्याच्या हद्दीत जितका वेळ राहतो, जितके वजन वाढवतो, तितका त्याचा वाटा. फेरोनेही तेच उचलले. त्यांचा जुना वाटा पाच टक्क्यांच्या आत-बाहेर होता. २०१०मध्ये त्यांनी स्वतःच ८५ हजार टनांचा कोटा जाहीर केला, २०११मध्ये दीड लाख टनांचा. आइसलँडचा २०१०चा आकडा १ लाख ३० हजार टन. संघ आणि नॉर्वे यांनी आपले आकडे त्यासाठी कमी केले नाहीत.

शास्त्रीय सल्ला देणारी संस्था आहे आइसेस, म्हणजे समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद, १९०२ साली स्थापन झालेली, मुख्यालय कोपनहेगनला. ती दर वर्षी सांगते की सर्वांनी मिळून अमुक टनांपेक्षा जास्त मारू नका. २०१० नंतर एकही वर्ष असे गेले नाही, की एकूण पकड त्या सल्ल्याच्या आत राहिली. यात विशेष म्हणजे कोणत्याही देशाने सल्ला खोटा ठरवला नाही. प्रत्येकाने तो मान्य केला आणि त्यातला आपला टक्का काढला. सगळ्यांचे टक्के मिळून शंभराच्या वर जात होते, इतकेच.

मॅकेरलच्या पर्यावरणस्नेही प्रमाणपत्रांवर याचा परिणाम झाला. मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलने मार्च २०१२मध्ये ती निलंबित केली. या प्रमाणपत्राच्या निळ्या शिक्क्याशिवाय मोठ्या दुकानांना माल देणे कठीण. युरोपीय संघाने २०१३मध्ये फेरोच्या हेरिंग आणि मॅकेरलवर आयातबंदी घातली आणि वर्षभराने उठवली. आइसलँडने २००९मध्ये संघाचे सदस्यत्व मागितले होते. ती बोलणी २०१३मध्ये थंडावली तेव्हा मासेमारीचे प्रकरण उघडलेसुद्धा नव्हते.

स्कॉटलंडच्या रागाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. २००२ ते २००५ या काळात शेटलँड आणि पीटरहेडच्या परिसरात मॅकेरल-हेरिंगचा मोठा साठा नोंद न करता उतरवला गेला. किंमत सुमारे ६ कोटी ३० लाख पौंड. वजनकाट्यांत गुपचूप फेरफार, कारखान्यात वेगळी पाइपलाइन, असा पद्धतशीर कारभार होता. बोटींच्या कप्तानांना आणि प्रक्रिया कारखान्यांना २०१२मध्ये दंड झाले. पीटरहेडच्या धक्क्यावर अडवाअडवी झाली तेव्हा हे खटले चालूच होते. बरे, हा प्रश्न फक्त नीतीचा नाही. हक्क जुन्या पकडीवरून ठरणार आणि पकडीचा अंदाज नोंदीवरून लागणार असेल, तर चोरून उतरवलेला प्रत्येक टन साठ्याचे गणितही बिघडवतो.

२०१४चा करार आणि त्याच्या बाहेर राहिलेले

मार्च २०१४मध्ये युरोपीय संघ, नॉर्वे आणि फेरो यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. संघाला ४९.३ टक्के, नॉर्वेला २२.५, फेरोला १२.६. उरलेले १५.६ टक्के ‘इतरांसाठी’ राखून ठेवले. इतर म्हणजे आइसलँड, ग्रीनलंड, रशिया. ज्यांना करारात सामावून घेतले नव्हते, त्यांच्यासाठी बाजूला काढलेला हा वाटा. त्या वर्षी एकूण मर्यादा सुमारे १२ लाख ४० हजार टन ठरली आणि पकड १४ लाख टनांच्या जवळ गेली.

फेरोचा वाटा जवळजवळ तिप्पट झाला, हे बाकीच्यांनी नीट पाहून ठेवले. भांडून, बंदी सोसून, स्वतःच्या मर्जीने कोटा वाढवून चार वर्षांत वाटा वाढतो, हा धडा सगळ्या किनाऱ्यांवर गेला. माझ्या मते या प्रकरणाचे सर्वांत मोठे नुकसान इथे झाले. आइसलँडला बाहेर ठेवणे ही चूक होतीच. पण फेरोला आत घेण्याची पद्धत त्याहून महागात पडली, कारण पुढच्या प्रत्येक वादात पहिली चाल ठरून गेली: आधी पकड वाढवा, मग टेबलावर बसा.

शास्त्राचीही एकदा फजिती झाली. सप्टेंबर २०१८मध्ये आइसेसने २०१९साठी फक्त ३ लाख १८ हजार टनांचा सल्ला दिला. मच्छीमार हबकले, समुद्रात मासा दिसतो आहे आणि कागदावर नाही, असे म्हणू लागले. गणित पुन्हा तपासले, तर माशांना टोचलेल्या चिपांवरून मिळणाऱ्या माहितीला एकूण अंदाजात जरुरीपेक्षा जास्त वजन मिळत होते. २०१९मध्येच सुधारित सल्ला आला: ७ लाख ७० हजार टन. दुपटीहून जास्त. शास्त्रज्ञांनी चूक उघडपणे दुरुस्त केली, हे चांगलेच. पण ‘पुढच्या वर्षी आकडा बदलेलच’ हे म्हणणे त्यानंतर प्रत्येक मंत्र्याच्या कामी आले.

आकडा ठरतो कसा, हे थोडे सांगायला हवे. दर तीन वर्षांनी अनेक देशांची जहाजे अंडी घालण्याच्या मोसमात समुद्रातून अंडी गोळा करतात आणि त्यावरून किती माद्या असतील याचा हिशेब मांडतात; ही पाहणी १९७७पासून चालू आहे. त्याला उन्हाळी जाळेपाहणी, चिपा, छोट्या माशांचा अंदाज आणि बंदरातल्या नोंदी जोडल्या जातात. अंड्यांची पाहणी तीन वर्षांनी एकदा होते, मासा तोवर थांबत नाही. थवे ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर अंडी घालू लागले तर पाहणीचा पट्टाच वाढवावा लागतो. फिरणारा मासा मोजणे हे फिरणाऱ्या माशावर हक्क सांगण्याइतकेच अवघड काम आहे.

बाजू बदलल्या

जानेवारी २०२१पासून ब्रिटन युरोपीय संघाच्या बाहेरचा स्वतंत्र किनारी देश झाला. नॉर्वेच्या बोटींना ब्रिटिश पाण्यात मॅकेरल मारायची परवानगी त्या वर्षी मिळाली नाही. नॉर्वेने एकतर्फी कोटा जाहीर केला: २ लाख ९८ हजार २९९ टन, म्हणजे एकूण मर्यादेच्या ३५ टक्के. आधी हेच २२.५ होते. कारण सांगितले ते दहा वर्षांपूर्वी आइसलँडने दिलेले: मासा आमच्या हद्दीत जास्त असतो. फेरोने १९.६ टक्के घेतले, आइसलँडने १६.५. संघ आणि ब्रिटन जुन्या ४९.३वर होतेच. रशिया आणि ग्रीनलंड धरायच्या आधीच बेरीज १२० टक्के.

याच सुमारास मासा आइसलँडच्या पाण्यातून मागे सरकला होता. २०२०च्या उन्हाळी पाहणीत तिथे फारच थोडा मॅकेरल मिळाला. आइसलँडच्या बोटींना पकडीसाठी पूर्वेला, नॉर्वेजियन समुद्रातल्या खुल्या पाण्यात जावे लागू लागले. ‘ज्याच्या हद्दीत मासा त्याचा वाटा’ हा नियम आइसलँडने आता स्वतःला लावला असता, तर त्याचा वाटा घटला असता. तसे झाले नाही. गेल्या दशकातली आमची पकड बघा, हे म्हणणे आता त्यांच्या बाजूचे झाले. ब्रिटन संघात होता तोवर जुन्या पकडीच्या बाजूला होता. बाहेर पडल्यावर हद्दीचा नियम त्याला न्याय्य वाटू लागला. दोन्ही नियमांत तथ्य आहे. प्रत्येक देशाने त्या त्या वर्षी आपल्याला पावणारा निवडला.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय सीमा नसूनही याच जातीची अडचण आहे. राज्यघटनेप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढची केंद्राच्या. महाराष्ट्रात २०१६च्या आदेशाने पर्ससीनला, म्हणजे थव्याला गोल वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याला, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे; तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्याचे नियम, त्याखाली कर्नाटकचे. बांगड्याचा थवा एका रात्रीत तीन नियमावल्या ओलांडू शकतो. मालवणचा मच्छीमार परराज्यातल्या वेगवान ट्रॉलरवर संतापतो तेव्हा तोही हेच विचारत असतो, की आम्ही राखलेला मासा पलीकडच्याने का न्यावा. १२ मैलांपुढच्या पावसाळी बंदीच्या तारखा तरी आता पश्चिम किनाऱ्यावर एक आहेत, १ जून ते ३१ जुलै. राज्यांच्या पाण्यात त्या अजूनही सगळीकडे सारख्या नाहीत. बाकी नियम अजून आपापल्या हद्दीत बसून आहेत.

आजची स्थिती

२०१६मध्ये परत मिळालेले प्रमाणपत्र २०१९मध्ये पुन्हा निलंबित झाले. २०२४च्या जूनमध्ये ब्रिटन, नॉर्वे आणि फेरो यांनी आपसात करार करून मर्यादेचा सुमारे ७२ टक्के हिस्सा वाटून घेतला. युरोपीय संघ आणि आइसलँड बाहेर. म्हणजे २०१४चेच नाटक, पात्रे अदलाबदल करून.

मग २०२५च्या शरदात आइसेसचा आकडा आला. २०२६साठी १ लाख ७४ हजार ३५७ टन. आधीच्या वर्षीचा सल्ला ५ लाख ७७ हजार टनांचा होता आणि प्रत्यक्ष पकड साडेसात लाखांच्या वर जाईल असा अंदाज होता. त्या पकडीच्या तुलनेत ही ७७ टक्के कपात. नव्या जोमदार पिढ्या फारशा आल्या नव्हत्या आणि जुन्या पिढ्या वर्षानुवर्षे सल्ल्यापेक्षा जास्त मारल्या गेल्या होत्या. २०१८चा अनुभव गाठीशी असल्याने काहींनी याही आकड्यावर शंका घेतली.

डिसेंबर २०२५मध्ये नॉर्वे, ब्रिटन, फेरो आणि आइसलँड यांनी २०२६ची मर्यादा २ लाख ९९ हजार १० टन ठरवली. आइसलँडला पहिल्यांदा अशा वाटणीत स्थान मिळाले. ४८ टक्क्यांची कपात म्हणून तिचे स्वागत झाले. शास्त्रीय सल्ल्यापेक्षा ती मर्यादा ७० टक्क्यांहून अधिकने वर आहे, हे बातमीच्या खालच्या परिच्छेदात होते. युरोपीय संघ या करारात नाही, आणि आयर्लंडचे मॅकेरल मच्छीमार त्यामुळे खवळले आहेत. २०१४मध्ये बाहेर ठेवला गेलेला आइसलँड आत आणि तेव्हा कोटे वाटणारा संघ बाहेर, अशी आता बैठक आहे. थवे पुन्हा पश्चिमेला वळले, किंवा नॉर्वेच्या किनाऱ्यालाच चिकटून राहिले, तर टक्केवारी कोणत्या हिशेबाने बदलायची, हे ठरवायचे बाकी आहे.